स्वमग्न मूल, घर आणि सरकार

(अपंग मुलांच्या पालकांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या प्रश्नाची सरकारने खरोखर दखल घेतली आहे की नाही, हे पाहावयाचे असेल तर तीन ठिकाणी शोध घ्यावा लागतो. तो प्रश्न कायद्याच्या कोणत्या कलमात आहे, अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षाखाली आहे आणि जनगणनेच्या कोणत्या रकान्यात आहे? स्वमग्न मुलांचा, म्हणजे ज्यांना वैद्यकाच्या भाषेत ऑटिझम आहे अशा मुलांचा प्रश्न ह्या कसोट्यांना लावून पाहिला, तर कायद्यात त्याला उशिरा का होईना पण जागा मिळाली आहे, अर्थसंकल्पात ती अत्यंत तुटपुंजी आहे आणि जनगणनेत अजून मिळालेलीच नाही, असे दिसते. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग मोजले. परंतु त्या गणनेच्या आठ प्रकारांत स्वमग्नतेचा स्वतंत्र प्रकार नव्हता. ज्यांची मोजदाद नाही त्यांच्यासाठी तरतूद कोणी आणि कशाच्या आधारावर करावी?

मुळात स्वमग्नता हा काही संसर्गाने येणारा रोग नव्हे आणि मुलाच्या हट्टीपणाचे ते दुसरे नावही नव्हे. ही मेंदूच्या वाढीतली जन्मजात भिन्नता आहे. बोलणे व समजणे, दुसऱ्याच्या नजरेतला व स्वरातला अर्थ ओळखणे, नेहमीच्या क्रमातला बदल सोसणे, आवाज, प्रकाश आणि स्पर्श ह्यांचा मारा सहन करणे, ह्या गोष्टी अशा मुलाला कमीअधिक प्रमाणात जड जातात. कोणी एकही शब्द बोलत नाही, तर कोणी रेल्वेचे संपूर्ण वेळापत्रक पाठ म्हणून दाखवतो, पण तहान लागली हे सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. भारतात पाच प्रदेशांत झालेली एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत हिमाचलमधील कांगडा, हरियाणातील पलवल, ओडिशातील ढेंकानाळ आणि हैदराबाद ह्यांच्याबरोबर उत्तर गोव्याचाही समावेश होता. मेंदूच्या वाढीशी निगडित अशी कोणती ना कोणती अडचण २ ते ६ वर्षे वयाच्या सुमारे ९ टक्के, आणि ६ ते ९ वर्षे वयाच्या १३ टक्क्यांहून थोड्या अधिक मुलांत ह्या पाहणीला आढळली. स्वमग्नता ही त्या अडचणींपैकी एक. तेव्हा हा मूठभर सुखवस्तू शहरी घरांचा प्रश्न आहे, ही समजूत सोडून दिली पाहिजे. शहरी घरांत त्याचे निदान होते आणि खेड्यात ते होत नाही, एवढाच काय तो फरक आहे.

दोष आईच्या माथी

ह्या प्रश्नाचा इतिहास एका अन्यायाने सुरू होतो. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांच्या निरीक्षणावरून ह्या अवस्थेचे पहिले विस्तृत वर्णन केले. पुढील वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर ह्याने त्याच स्वरूपाचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्यानंतरची सुमारे दोन दशके पाश्चात्त्य मानसशास्त्रावर एका भलत्याच कल्पनेचा पगडा राहिला. आईच्या मायेत ऊब नाही, म्हणून मूल स्वतःत मिटून जाते, अशी ती कल्पना होती. ब्रुनो बेटलहाइम ह्याने १९६७ साली तिचा मोठा ग्रंथ केला. ती मोडून काढण्याचे काम बर्नार्ड रिमलंड ह्याने आपल्या १९६४ च्या पुस्तकात आधीच सुरू केले होते, आणि रिमलंड हा स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. ब्रिटनमध्येही १९६२ साली पालकांनीच संस्था उभी केली. आपल्याकडे दिल्लीत १९९१ साली ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी राहिली, तीही एका आईच्या पुढाकाराने. ह्या सर्व हकिकतीत एक गोष्ट समान आहे. विज्ञानाला वाटेवर आणण्याचे आणि सरकारला जागे करण्याचे काम ज्यांच्यावर ठपका ठेवला गेला त्यांनीच केले.

तो सिद्धान्त विज्ञानातून कधीच हद्दपार झाला. आपल्या घरांतून मात्र तो गेलेला नाही. ‘मोबाइल हातात दिला म्हणून’, ‘आई नोकरी करते म्हणून’, ‘गरोदरपणी काही पाळले नाही म्हणून’ अशी त्याची नवी रूपे आजही सासरी-माहेरी ऐकू येतात. येथे तो सांगण्याचे कारण असे की, दोष घराचा ठरला की खर्चही घराचाच ठरतो. सार्वजनिक जबाबदारी टाळण्याला ह्याहून सोयीची विचारसरणी सापडणार नाही.

कायद्यात प्रवेश

भारतात अपंगांसाठी पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला, तेव्हा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी एक न्यास स्थापन झाला. त्याची आर्थिक रचना पाहण्याजोगी आहे. केंद्र सरकारने एकदाच १०० कोटी रुपये द्यावेत आणि त्या ठेवीच्या उत्पन्नातून न्यासाने आपल्या कामाचा पाया घालावा, अशी कायद्याची योजना होती. म्हणजे बँकांच्या व्याजाचा दर घसरला की ह्या मुलांच्या कल्याणाचा दरही घसरावा, अशी ही व्यवस्था! सैन्याचा, रस्त्यांचा किंवा मंत्रालयाचा खर्च कोणी ठेवीच्या व्याजावर चालवीत नाही. व्याजावर चालतो तो धर्मादाय, आणि आपला प्रश्न धर्मादायाच्या खात्यावर टाकला गेला, तो असा.

२००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली आणि त्याला अनुसरून २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेला नावानिशी स्थान मिळाले. ज्याचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्क्यात इतर काही प्रकारांसोबत स्वमग्न व्यक्तीही आल्या. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारी रक्कम इतरांना तशाच योजनेत मिळणाऱ्या रकमेहून किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी, असेही कलम २४ ने सांगितले. कायदा म्हणून हे पाऊल मोठे होते, ह्यात वाद नाही. प्रश्न आहे तो कायद्यातला हक्क घराच्या उंबरठ्यापर्यंत किती पोहोचतो, हा.

तीन घरांचा ताळेबंद

ह्याचे उत्तर भावनेने देण्यापेक्षा हिशेबाने द्यावे. तीन घरे कल्पनेने समोर आणावीत. तिन्ही घरांत सारख्याच तीव्रतेची स्वमग्नता असलेले एकेक अपत्य आहे. पहिल्या घरात आईबाप दोघेही केंद्र सरकारच्या वरिष्ठ नोकरीत आहेत. दुसऱ्या घरात बापाचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. तिसऱ्या घरात बाप बांधकामावर मजुरी करतो आणि आई चार घरची धुणीभांडी करते.

पहिल्या घरातील आईला संपूर्ण सेवाकाळात मिळून ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळते आणि अपत्य अपंग असल्यास त्याच्या वयाची मर्यादाही आड येत नाही. अपंग अपत्याची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट द्यावी, असे केंद्र सरकारने २०१४ साली सांगितले. ते अपत्य स्वतःची उपजीविका करू शकत नसेल, तर आईबापांच्या पश्चात त्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. शिवाय आयकरात सवलत आहे. जुन्या करपद्धतीने हिशेब केल्यास अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल, तर १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. जो ३० टक्के दराने कर भरतो त्याचे ह्यामुळे वर्षाला ३७,५०० रुपये वाचतात. जो ५ टक्के दराने भरतो त्याचे ६,२५० रुपये वाचतात. जो कर भरण्याइतके मिळवीतच नाही, त्याच्या पदरात काहीही पडत नाही.

दुसऱ्या घरातील दुकानदाराला रजा नाही, बदली नाही, निवृत्तिवेतनही नाही. जुनी करपद्धती सोडून त्याने नवी स्वीकारली असेल, तर तीत ही सवलतही नाही. त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची २००८ साली सुरू झालेली निरामय विमा योजना आहे. तीत वर्षाला एक लक्ष रुपयांपर्यंत उपचाराचा खर्च भरून मिळण्याची तरतूद आहे. मात्र आधी पैसे खर्च करा, पावत्या जमवा आणि मग परताव्याची वाट पाहा, असा तिचा मार्ग आहे. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यालाच हा मार्ग चालवतो.

आता तिसरे घर. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ साली सुरू झाली. तीत केंद्राचा वाटा २०१२ साली दरमहा ३०० रुपये झाला आणि त्यानंतर दशकाहून अधिक काळ महागाई कोठल्या कोठे गेली तरी तो तेवढाच राहिला. ही रक्कम मिळण्यासाठी कुटुंब दारिद्र्यरेषेखाली हवे, अपंगत्व ८० टक्के हवे आणि वय १८ पूर्ण हवे. म्हणजे ज्या वयात शिकवण्याचा व उपचाराचा सर्वाधिक उपयोग होतो, त्या बालपणासाठी ह्या योजनेत एक पैसाही नाही. वयाने मोठ्या झालेल्या मुलासाठी केंद्राकडून येतात वर्षाला ३,६०० रुपये. त्याच ८० टक्के अपंगत्वासाठी वरच्या उत्पन्नगटाला करमाफीच्या रूपाने ३७,५०० रुपये, म्हणजे दहापटीहून अधिक! महाराष्ट्र सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील रक्कम २०२३ साली १,५०० रुपयांवर आणि दिव्यांगांसाठी २०२५ साली २,५०० रुपयांवर नेली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु तिथेही उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचा दाखला, तहसील कार्यालयाच्या खेपा आणि प्रत्येक खेपेमागे बुडणारा रोज ह्यांचा हिशेब त्या मजुरानेच करावयाचा असतो.

पहिल्या घराला जे मिळते ते काढून घ्यावे, असा ह्याचा अर्थ कोणी लावू नये. सरकारी नोकरांनी ते संघटनेच्या बळावर मिळवले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या देशात बहुसंख्य कष्टकरी असंघटित क्षेत्रात राबतात, तेथे अपंग मुलाचे संरक्षण बापाच्या नियुक्तिपत्रावर अवलंबून असणे हे कोणत्याही समतेच्या कल्पनेत बसणारे नाही. पाणी उताराकडे वाहते, सरकारी मदत मात्र आपल्याकडे चढाकडे वाहते.

दारिद्र्यरेषेची चुकीची फूटपट्टी

दारिद्र्यरेषेची अट ह्या बाबतीत तर्कदृष्ट्याही सदोष आहे. अमर्त्य सेन ह्यांनी दाखवून दिले आहे की, अपंगत्व घरावर दोन वार करते. पहिला वार मिळकतीवर होतो. दुसरा, अधिक खोल वार मिळकतीचे जगण्यात रूपांतर करण्याच्या शक्तीवर होतो. इतरांसारखे जगण्यासाठीच अशा घराला इतरांहून अधिक पैसा लागतो. विब्के कुक्लीस ह्या संशोधिकेने ब्रिटनमधील आकडेवारी तपासली, तिचा दाखला सेन देतात. तेथे १७.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत राहत होते. ज्या कुटुंबांत अपंग व्यक्ती होती, त्यांतील लोकांपुरते पाहिले तर हे प्रमाण २३.१ टक्के होते. आणि अपंगत्वामुळे लागणारा जादा खर्च हिशेबात धरला, तेव्हा ते एकदम ४७.४ टक्क्यांवर गेले. कल्याणकारी राज्य म्हणवणाऱ्या देशातली ही कथा आहे. जेथे वाचेच्या उपचारापासून खास शिक्षकापर्यंत सर्व काही पदरच्या पैशाने विकत घ्यावे लागते, तेथे काय होत असेल ह्याची कल्पना करता येते. त्या दुकानदाराचे घर कागदावर दारिद्र्यरेषेच्या वर असते आणि प्रत्यक्षात तिच्या खाली राहत असते.

जमाखर्चात नसलेले श्रम

ह्या सगळ्या हिशेबात सर्वात मोठी रक्कम अजून आलेलीच नाही. ती म्हणजे आईच्या श्रमांची. ज्या मुलाला रात्रीची झोप नाही, जे रस्त्यावर भरधाव पळते, ज्याला दात घासण्यापासून बाहेर जाण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट शेकडो वेळा शिकवावी लागते, त्याच्याबरोबर दिवसाचे चोवीस तास कोणीतरी असावे लागते. ते कोणीतरी बहुधा आईच असते. ती नोकरी सोडते, मजुरीवर जाणे थांबवते, कधी मोठ्या बहिणीची शाळा सुटते. सरकारचा जो खर्च वाचला म्हणून सांगितला जातो, तो वाचलेला नसतो. तो फक्त अर्थसंकल्पातून उचलून एका स्त्रीच्या आयुष्यावर टाकलेला असतो.

ब्रिटनने १९७६ साली अपंगांची काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला, तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात! जॅकलिन ड्रेक ह्या विवाहित स्त्रीने आपल्या अपंग आईची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडली होती. तिने ह्या भेदाला आव्हान दिले आणि १९८६ साली लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. घरातली शुश्रूषा हे काम आहे, हे तेथेही भांडून सिद्ध करावे लागले.

आपल्या २०१६ च्या कायद्यातील कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी शुश्रूषाभत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा ही मागणी कोणा आंदोलकाने नव्याने शोधून काढलेली नाही, संसदेनेच ती मंजूर केलेली आहे. केरळने तर त्याही आधी, २०१० पासून, ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अशा शुश्रूषा करणाऱ्यांना दरमहा ६०० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची प्रथा पाडली. रक्कम अपुरी आहे, हे उघड आहे. परंतु आईचे श्रम सरकारी खातेवहीत लिहिले गेले, ह्या गोष्टीला महत्त्व आहे.

‘पैसा कोठून आणावयाचा?’

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. देश गरीब आहे. मेळघाटात आणि नंदुरबारात अजून कुपोषणाने मुले दगावतात. अशा वेळी स्वमग्न मुलांसाठी वेगळा खर्च ही चैन नव्हे काय? संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याचा हक्क सांगताना ‘आर्थिक क्षमता व विकास ह्यांच्या मर्यादेत’ अशी अट घातली आहे आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ नेही तीच शब्दावली उचलली आहे, ह्याकडेही बोट दाखवले जाते.

ह्या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, कुपोषित मूल आणि स्वमग्न मूल ही एकमेकांची प्रतिस्पर्धी नव्हेत. दोघांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा एकच आहे. अंगणवाडी सेविकेने वजनाबरोबर हेही पाहावयाचे की दीड वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळते का, बोट दाखवून काही मागते का. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी व्हावी, अशी योजना आहे आणि तपासावयाच्या तीस अवस्थांच्या यादीत स्वमग्नतेचे नाव आहे. संशयित मुलासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे, असेही त्यात आहे. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. सांगाडा उभा आहे, त्यात वाचोपचार करणारी माणसे, मानसशास्त्रज्ञ आणि खास शिक्षक भरावयाचे आहेत. त्यांना कायम नेमणूक व जगण्यापुरते वेतन द्यावयाचे आहे.

दुसरे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी, मागेल त्याला काम देण्याची ऐपत एका राज्याला असूच शकत नाही, असे शहाणे लोक सांगत होते. वि. स. पागे ह्यांनी चिकाटीने ती कल्पना पुढे नेली. १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, त्याच्या जोडीला सरकारने आपला वाटा घातला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला. ऐपत ही अशी उभी केली जाते. ती आधी तिजोरीत पडून असते आणि मग कोणी काढून देते, असे होत नसते. ज्या राज्याने शहराच्या मिळकतीवर कर बसवून खेड्यातल्या कामाचा हक्क उभा केला, त्याला अपंग मुलांच्या शुश्रूषेचा निधी उभारणे अशक्य आहे, हे पटण्यासारखे नाही. दरम्यान जो पैसा हाती आहे त्याचे काय होते, हेही विचारले पाहिजे. ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा, असा महाराष्ट्रात नियम आहे. आपल्या गावच्या पंचायतीने तो कोणावर व किती खर्च केला, हा प्रश्न ग्रामसभेत किती ठिकाणी विचारला जातो?

शाळा, दाखला आणि अठरावे वर्ष

पैशाइतकाच माणसांचा प्रश्न बिकट आहे. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने स्वमग्न मूलही त्या हक्काच्या कक्षेत आले. परंतु वर्गात पन्नास मुले आणि एक शिक्षिका असेल, तर कायद्याने आत आलेले मूल महिनाभरात पुन्हा बाहेर जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली निर्णय दिला की, प्राथमिक शाळांत दर दहा आणि वरच्या वर्गांत दर पंधरा अपंग मुलांमागे एक खास शिक्षक असावा. २०२५ साली न्यायालयाला राज्यांना पुन्हा फर्मावावे लागले की, ह्या पदांची संख्या निश्चित करून जाहीर करा. न्यायालयाने एकच गोष्ट दोनदा सांगावी लागावी, ह्यातच राज्यांच्या तत्परतेचे मोजमाप आहे.

दाखल्याचीही एक अडचण आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या भारतीय मोजपट्टीत चाळीस बाबी आहेत. त्यांच्या गुणांवरून अपंगत्वाची टक्केवारी ठरते. मोजपट्टी असणे चांगलेच. परंतु स्वमग्नता ही पायाच्या लांबीसारखी मोजता येत नाही. परक्या खोलीत, परक्या माणसांपुढे, रांगेत तीन तास उभे राहून आलेले मूल अर्ध्या तासात कसे वागले, ह्यावर त्याचा आयुष्यभराचा हक्क ठरू नये. त्यातच बहुतेक तज्ज्ञ शहरात आहेत आणि अनेक ठिकाणी उपचाराची भाषाही इंग्रजी आहे. ज्या मुलाला एक शब्द उच्चारण्यास वर्ष लागते, त्याला तो शब्द आजीच्या भाषेत न शिकवता उपचारकेंद्राच्या भाषेत शिकवला, तर ते मूल स्वतःच्या घरातही परके होते.

जेथे सरकार नसते तेथे बाजार येतो. मूळपेशींचे इंजेक्शन देऊन स्वमग्नता बरी करतो, असे सांगणारे दवाखाने लाखो रुपये घेतात. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने स्पष्ट केले की, स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही आणि त्याचा प्रचार हे व्यावसायिक गैरवर्तन होय. तरी शेत किंवा दागिने विकून त्या दारात उभे राहणाऱ्या बापाला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? त्याला दुसरे दार उघडून दिले असते, तर तो तेथे गेला नसता.

आणि मग अठरावे वर्ष येते. त्या दिवशी मोफत शिक्षणाचा हक्क संपतो, खास शाळेचे दार बंद होते आणि कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते. त्याच्यासाठी बँकेत सही करण्याचाही अधिकार आईबापांना उरत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ह्या समितीची बैठक नियमित होणे ही अनेक घरांच्या दृष्टीने जीवनमरणाची गोष्ट आहे. बालकांसाठी निदान चार योजना तरी सांगता येतात. तीस वर्षांच्या, साठीतल्या आईच्या हाताला धरून चालणाऱ्या स्वमग्न माणसासाठी काय आहे? अशा घरांत रात्री दिवा मालवल्यानंतर एकच प्रश्न जागा असतो: आपल्या पश्चात ह्याचे काय? ज्या समाजात आईबापांना आपल्या अपत्याच्या आधी आपल्याला मरण येऊ नये अशी प्रार्थना करावी लागते, त्या समाजाने आपल्या प्रगतीचे आकडे जरा हळू आवाजात सांगावेत.

मागण्या

ह्या विवेचनातून काही मागण्या निघतात आणि त्या नेमक्या शब्दांत मांडणे बरे.

एक : अपंग मुलाचे साहाय्य जन्मापासून सुरू व्हावे. त्याला वयाची १८ वर्षांची अट नसावी आणि केंद्राचा वाटा महागाई निर्देशांकाशी जोडला जावा.

दोन : कलम २४ मधील शुश्रूषाभत्ता महाराष्ट्राने स्वतंत्र योजना करून सुरू करावा आणि तो शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे बहुतांशी आईच्या, नावावर जमा व्हावा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. त्या विभागाचे मोठेपण ह्यावरून ठरेल.

तीन : करसवलतीचा लाभ जेवढा वरच्या घराला मिळतो, तेवढीच रोख रक्कम कर न भरणाऱ्या घराला मिळावी. ह्याहून साधा समतेचा नियम नाही.

चार : प्रत्येक जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मराठीत, आणि आदिवासी भागात तेथल्या बोलीत, काम करणारी माणसे कायम पदांवर नेमावीत. शाळांतील खास शिक्षकांची पदे भरावीत.

पाच : प्रत्येक तालुक्यात सज्ञान अपंगांसाठी एक दिवसकेंद्र व लहान निवासगृह असावे, आणि ते गावापासून दूर एखाद्या माळावर नसून वस्तीत असावे.

सहा : जनगणनेत २०१६ च्या कायद्यातील सर्व २१ प्रकारांची नोंद व्हावी आणि प्रगणकांना ती कशी घ्यावी ह्याचे शिक्षण द्यावे.

ह्यांतील एकही मागणी कायद्याबाहेरची किंवा अशक्य कोटीतली नाही. बऱ्याचशा तर कायद्यातच लिहिलेल्या आहेत. उणीव आहे ती त्या मागे उभ्या राहणाऱ्या संघटित शक्तीची. स्वमग्न मुलांचे पालक विखुरलेले आहेत, थकलेले आहेत आणि मोर्च्याला यावयाचे तर मुलाला कोणाजवळ ठेवावे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न आहे. म्हणूनच हे काम केवळ त्यांच्यावर सोडता येणार नाही. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात, महिला संघटनांनी शुश्रूषेच्या श्रमांच्या प्रश्नात आणि शिक्षक संघटनांनी पदभरतीच्या लढ्यात हा विषय घेतला पाहिजे. ग्रामसभेची पुढील बैठक ही त्याची पहिली जागा होऊ शकेल. त्या पाच टक्क्यांचा हिशेब मागण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.